मदत हवी आहे: जमैकन ४५ आरपीएम रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं मिक्सिंग कोणाचं?

खरखर:
पुढे जॉनी क्लार्क, मागे त्याच गाण्याचं डब, म्हणजे आवाज बराचसा काढून ताल-बास पुढे आणलेलं रूप. निर्माता बनी ली. मिक्स कोणी केलं ते लेबलवर नाही. शनिवारी कार्यक्रमात वाजवायचंय, नावांची यादी उद्या छापायला जातेय. गूगल करून झालंय, तेच सांगू नका.

काटाकिर्र:
गाणं कोणतं? लेबल कोणतं? प्रत जमैकन की इंग्लंडची? क्लार्कने बनी लीकडे ढिगाने गाणी गायलीत.

खरखर:
जमैकन. लेबलचा वरचा भाग उखडलाय. मागे 'व्हर्जन', खाली 'अ‍ॅग्रोवेटर्स', बस.

डबलडेकर:
मग प्रश्नच कुठे आहे? किंग टबी, किंग्स्टनमधला डबचा उस्ताद. धागा बंद करा.

काटाकिर्र:
टबीच्या स्टुडिओत झालं म्हणजे टबीनेच केलं असं नाही हो. ड्रॉमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या घरात फिलिप स्मार्टही मिक्सिंग बोर्डावर बसायचा. तो १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेला, मग प्रिन्स जॅमी आला, दशक संपता संपता सायंटिस्ट. बोर्ड कोणीही चालवो, नाव टबीचंच. आणि लेबलवरचा 'निर्माता' म्हणजे स्टुडिओचे पैसे भरणारा, टेप त्याची. बटणं फिरवणाऱ्याला तिथे जागाच नसायची. साल सांगा.

डबलडेकर:
कान आहेत ना? झांजांवरून सर्रकन फिरणारा तो फिल्टर टबीचाच.

काटाकिर्र:
फिल्टर डायनॅमिक स्टुडिओकडून आणलेल्या बोर्डात होता. जो बसेल तो फिरवेल.

शेवंता७८:
रेकॉर्ड धुतली का? डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवा.

खरखर:
ताई, ती स्वच्छ आहे. साल कुठेच नाही. गाणं 'नन शॅल एस्केप द जजमेंट'.

काटाकिर्र:
हे आधी सांगायचं ना! ते १९७४ चं. जॅमी, सायंटिस्ट बाद. उरले टबी आणि स्मार्ट. पण प्रत नंतर छापलेली असली तर मागे दुसरंच मिक्स असू शकतं. शेवटची खोबण आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर टॉर्च आडवा धरा. तिथे हाताने कोरलेला नंबर असतो. दिसला नाही तर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा.

दादरकर:
आपल्याकडेही हेच! 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर १९४९ साली गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरचं पात्र. लताबाईंचं नाव नाही.

डबलडेकर:
दादरकर, वेगळा धागा काढा.

खरखर:
पेन्सिलने आकडे उमटले, पण हा नंबर कुठे जुळवायचा?

काटाकिर्र:
डिस्कॉग्स या रेकॉर्डांच्या ऑनलाइन सूचीवर, एकेका प्रतीशी. नुसतं नाव बघू नका, तिथल्या नोंदी आपल्यासारखेच लोक भरतात. जुळेपर्यंत 'मिश्रण: किंग टबीचा स्टुडिओ' लिहा, तेवढं निभेल. वादनाला मात्र टबी लिहू नका, त्याच्याकडे बँड मावेल एवढी खोलीच नव्हती. वाद्यांचा भाग दुसरीकडे रेकॉर्ड व्हायचा. आणि अ‍ॅग्रोवेटर्स हा ठरलेला बँड नव्हे, बनी ली त्या दिवशी ज्यांना बोलवेल ते. त्यातलेच काही जण चॅनल वन स्टुडिओत वाजवायला गेले की रेव्होल्यूशनरीज.

खरखर:
यादीत एकच ओळ बसते हो.

काटाकिर्र:
मग ढोलकऱ्याचं लिहा. ती उघडी हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सांता डेव्हिसची आहे.

डबलडेकर:
टबी लिहा आणि मोकळे व्हा.