सुट्टीपेक्षा पत्रादेवीला न्या

कारगिल विजय दिनी, २६ जुलैला, हुतात्म्यांसाठी सार्वजनिक सुट्टी हवी, असं तुम्ही म्हणता. भावना पटते, पण गोव्यातला अनुभव वेगळा आहे. १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी आम्हाला आहेच. ती शनिवार-रविवारला जोडून आली की आमचा निम्मा वाडा बाहेरगावी! १९६१ च्या गोवामुक्तीच्या कारवाईत अंजदीव बेटावर नौदलाचे ७ जवान कामी आले, हे माझ्या पुतण्याला दहावी होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मी पेडण्याची. १५ ऑगस्ट १९५५ ला इथल्या पत्रादेवी सीमेवर पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग तिथेच पडले. (ते सैनिक नव्हते, पण मला त्यांना वेगळं काढवत नाही.) त्या स्मारकापाशी उभं राहिलं की अजून गळा दाटून येतो.

म्हणून म्हणते, २६ जुलैला शाळा चालू ठेवा आणि मुलांना तिथे न्या. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्ध राहतात, तसंच त्या दिवशीही करा. हुतात्म्यांच्या घरच्यांना मात्र पगारी रजा मिळायलाच हवी.