ऑक्टोपसच्या हृदयाला वेग कोण देतं?

ऑक्टोपसच्या तीन हृदयांवर ताबा फक्त चेतातंतूंचाच असतो का? नाही, संप्रेरकंही आहेत. शरीराकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या महाशिरेच्या भिंतीतच चेतातंतूंची टोकं असतात. ती आपला स्राव थेट रक्तात सोडतात, म्हणजे माल दारातच उतरवला! हा स्राव मिळाला की हृदय जोरात आकुंचन पावतं.

मला भावलेली गंमत वेगळीच. ऑक्टोपसच्या मेंदूत चारच अमिनो आम्लांचं एक हृदयोत्तेजक पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, सापडलं. त्यातलं फेनिलअ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल नेहमीच्या 'एल' रूपात नसून आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलट्या, 'डी' रूपात आहे. तेवढं एक सरळ केलं, की परिणाम कितीतरी पटींनी घटतो. आणि हो, आपल्यात प्रजननाशी जोडलेल्या जीएनआरएच या संप्रेरकाचा ऑक्टोपसमधला भाऊबंदही त्याचं मुख्य हृदय जोरात धडकवतो.