देवगडला अमावास्येची रात्र: हवा आणि आकाश आधी कसं ताडावं?

समुद्रपक्षी: माघ अमावास्येला देवगडच्या पुळणीवर आकाशदर्शन आणि थोडं छायाचित्रण करायचा बेत आहे. फोनवरचं अ‍ॅप तिन्ही रात्री 'निरभ्र' दाखवतंय. तेवढ्यावर विसंबून निघावं का? आणि दक्षिणेकडचा त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह दिसेल का?

मतलई: 'निरभ्र' म्हणजे ढग नाहीत, एवढंच. किनाऱ्यावर रात्र नासते ती बाष्पाने, म्हणून आधी वारा बघा. विंडी या हवामानाच्या अ‍ॅपवर संध्याकाळी सहापासून पहाटेपर्यंत तासातासाची दिशा पाहा. खारे वारे पडून नऊ-दहाच्या सुमारास पूर्वेकडून मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटणार असेल तर हवा कोरडी होते आणि तारे अगदी खालपर्यंत दिसतात. वारा रात्रभर समुद्रावरूनच राहिला, तर क्षितिजालगतचं आकाश दुधाळ राहणार हे धरून चाला.

दुसरा आकडा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन धरतं त्याचा. सापेक्ष आर्द्रतेकडे बघू नका, कोकणात ती रात्री चढलेलीच असते. तापमान आणि दवबिंदू यांत पाच अंशांहून जास्त अंतर असेल तर काळजी नाही. दोनावर आलं की लेन्स भिजलीच म्हणून समजा. उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षाही थंड होते, त्यामुळे हवा पुरती दमट व्हायच्या आधीच तिच्यावर दव धरतं. लेन्सभोवती गुंडाळायची, यूएसबीवर चालणारी हीटरपट्टी कॅमेरा मांडतानाच चालू करा. दव धरल्यावर पुसून उपयोग नाही, ते लगेच परत धरतं, शिवाय काचेवरचं मीठ घासलं जातं. काच साफ करायचीच तर आधी हवा मारायचा ब्लोअर, मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं केलेलं मायक्रोफायबर.

उपग्रहाचं चित्र बघत असाल तर एक ध्यानात ठेवा: रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रात खालचे ढग जवळजवळ समुद्राइतकेच उबदार असतात, म्हणून ते वेगळे उठून दिसत नाहीत. पहाटेच्या धुक्याचा अंदाज आंब्याचा मोहोर सांभाळणाऱ्या बागायतदाराला विचारा. याच दिवसांत त्यांचं दवाधुक्यावर बारीक लक्ष असतं.

पाऊणपट: भरतीचं कोणीच बोललं नाही! काळोखी रात्र म्हणजे अमावास्या, आणि आपल्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती मध्यरात्रीच्या आगेमागेच येते. तिथीची पाऊणपट करा: अमावास्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला. ओहोटीनंतर तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यांत वेगाने चढतं, म्हणजे नेमकं सव्वासात ते सव्वानऊ. अंधार पडताना मोकळी वाळू बघून लोक ट्रायपॉड मांडतात तो तिथेच. मागच्या भरतीने काड्याकचऱ्याची रेघ सोडलेली असते, तिच्या बरंच वर मांडा. पाऊणपट ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या भरतीच्या तक्त्यात बघा. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात आणि फोटोत तारे ओघळतात. प्रत्येक पायाखाली प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा द्या.

समुद्रपक्षी: मग पुळण सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जावं का?

कातळसडा: त्रिशंकूसाठी तर जावंच. पुळण पश्चिमेला तोंड करून आहे; दक्षिणेचं क्षितिज समुद्रावर मिळेलच असं नाही, डोंगराची सोंड किंवा माड आडवे येतात. देवगडहून त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा आपल्या कमाल उंचीवर असतानाही जेमतेम साडेदहा अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण तेवढंच. फेब्रुवारीअखेर ही वेळ पहाटे तीनच्या आसपास असते. दक्षिणेला उतार असलेला उघडा सडा दिवसाउजेडी हेरून ठेवा, आणि किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत पोचणार नाही इतकं लांब जा.

संध्याकाळ पुळणीवरच काढा. पावणेआठ-आठला पुरता काळोख होतो, तेव्हा पश्चिमेला समुद्रातून वर तिरका चढणारा राशिचक्रीय प्रकाश, म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून परावर्तित होणारा सूर्याचा फिकट उजेड, शोधा. शहराचा उजेड मान्सूनच्या ढगाइतकाच त्याला मारतो, पण इथे समुद्राकडे शहर नाही. नऊच्या सुमारास अगस्त्य हा ठळक तारा दक्षिणेला एकवीस अंशांवर असतो. मग सामान आवरून सड्यावर. साडेचारपर्यंत धनु राशीकडचा आकाशगंगेचा गाभा आग्नेयेला चांगला वर आलेला असतो, साडेपाचनंतर उजाडायला लागतं. हा शेवटचा तास दवाचा सगळ्यांत वाईट असतो, तेव्हा हीटरसाठी वेगळी पॉवरबँक ठेवा, कॅमेऱ्याच्या पॉवरबँकवर दोन्ही चालवू नका.