फरशी बदलली, शेवटी एकूण किती गेले? अनुभव लिहा

दोन महिने झाले आमच्या घरची फरशी बदलून. काम काढायच्या आधी मी ज्याला विचारलं त्याने फक्त फुटाचा भाव सांगितला, एकूण किती गेले ते कुणालाच नीट आठवत नव्हतं, आणि मग बजेट कोसळलं की माणूस मिस्त्रीवर चिडतो नाहीतर नवऱ्यावर. म्हणून म्हटलं एका ठिकाणी लिहून ठेवू. वर गाव, किती (चौरस) फूट आणि काय बसवलं एवढं लिहा, मग जे घडलं ते. मनात धरलेला आकडा आणि शेवटी झालेला आकडा दोन्ही लिहा प्लीज, पुढच्या माणसाला तेच हवं असतं. मी सुरुवात करते.

पुणे, ५२० फूट, जुनी मोझॅक काढून २ बाय ४ व्हिट्रिफाइड

माझा हिशोब सोपा होता. टाइल ६२ रुपये फूट, मिस्त्री ४५ रुपये फूट, झाले १०७, गुणिले ५२०, साडेपंचावन्न हजार. वरखाली धरून साठ. प्रत्यक्षात १,३१,९५२ गेले, म्हणजे फुटाला २५४ रुपये.

कुठे गेले ते सांगते. ५२० फुटांची टाइल पुरतच नाही, भिंतीच्या कडेने चार इंचाची स्कर्टिंग असते तीही त्याच टाइलची कापतात, शिवाय कटिंगमध्ये वाया जाते ती वेगळी, असं करून ४१ बॉक्स लागले. आणि इथे एक बघा, बॉक्सवर छापलेलं असतं १.४४ चौरस मीटर, त्याचे होतात साडेपंधरा फूट, पण दुकानात बॉक्स सोळा फुटांचा धरून बिल करतात. ४१ बॉक्समागे वीस फूट झाले, साधारण १,२७० रुपये. मला हे पैसे देऊन झाल्यावर कळलं. टाइलचे एकूण ४०,६७२. बसवणी २३,४००. स्कर्टिंगची मजुरी ४५ मध्ये नाही, ती रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, २५ रुपयांनी १७० फूट म्हणजे ४,२५०.

जुनी फरशी काढायचे १८ रुपये फुटाने ९,३६०, आणि मग तो राडारोडा. आमचा तिसरा मजला आणि राडारोड्याला लिफ्ट वापरायची नाही असा सोसायटीचा नियम (बरोबरच आहे, लिफ्ट बिघडली तर सगळ्यांचे हाल). २६० गोण्या भरल्या, मी स्वतः दारात उभं राहून मोजल्या कारण भाव गोणीवर होता, २० रुपये एक, ५,२००. एकच माणूस होता तो, मान खाली घालून दिवसभर वरखाली करत होता, दुसऱ्या दिवशीपासून त्याचं जेवण मी घरातच केलं. टेम्पोच्या तीन फेऱ्या ७,५००.

टाइलखालच्या नवीन थराला (बेडला) सिमेंट १८ पोती ६,८४० आणि क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, एक ब्रास (शंभर घनफूट) ६,०००, ती वर चढवायचे ३,०००. टाइलच्या खोक्यांची हमाली १,२३०. स्लॅब एका बाजूला बसलेला निघाला म्हणून लेव्हल अर्धा इंच वर आली, मग पाचही दारं खालून तासली, सुतार १,५००. स्कर्टिंग काढताना भिंतींचा प्लास्टर उडाला म्हणून खालून पॅच आणि रंग, १४,०००. सामान एका बंद फ्लॅटमध्ये हलवून परत आणायचे ९,०००. सोसायटीचं डिपॉझिट परत मिळालं, ते धरलं नाही.

कुणी फसवलं असं मला वाटत नाही. यातली एकही गोष्ट टाळता आली नसती. फक्त आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही एफडी मोडली नसती, दोन महिने थांबलो असतो.

ठाणे, ३८० फूट, टाइलवर टाइल

आम्ही फोडाफोडी केलीच नाही, घरात सासूबाई आजारी, धूळ चालणार नव्हती. जुन्या टाइलवर केमिकलने नवीन बसवली. मनात ७० हजार, झाले ८१. राडारोडा, वाळू, टेम्पो हे सगळं वाचतं, पण त्याच्या जागी ते केमिकल, म्हणजे ॲडहेसिव्ह येतं, २० किलोच्या पिशवीत ४०-४५ फूट होतात, आम्हाला ९ पिशव्या लागल्या, ७०० ने ६,३००. मजला अर्धा-पाऊण इंच वर येतो, म्हणून मेन डोअर, सेफ्टी डोअर, बाल्कनीच्या स्लायडिंगचा ट्रॅक हे सगळं आधी बघून घ्या. आमचं सेफ्टी डोअर लोखंडी, ते तासता येत नाही, वेल्डर बोलवून वर उचलून बसवलं, त्यात दोन दिवस दार नुसतं टेकवून ठेवलेलं.

आणि कळकळीने सांगते, मिस्त्री काम करतो तेव्हा एक तास तरी समोर बसा. आमच्याकडे पहिल्या दिवशी टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे केमिकलचे गोळे लावून टाइल दाबत होते. पटकन होतं तसं. पण मधली जागा पोकळ राहते आणि त्यावर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. दातेरी थापीने पूर्ण पसरूनच लावायचं असतं. सासूबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या काठीने ठोकून आवाजावरून ओळखलं, ढबढब वाजतंय म्हणाल्या. सात टाइल काढायला लावल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दहाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइलचे कोपरे ठोकायचो. भरलेली टाइल टक्क वाजते, पोकळ असेल तर आवाज खाली जातो, एकदा कानाला कळलं की चुकत नाही.

नागपूर, ७०० फूट, कोटा, फक्त पॉलिश

नवीन काही बसवलंच नाही पण लिहितो. आजोबांनी घातलेली कोटा फरशी, काळी पडलेली, जागोजागी पांढरे डाग. टाइल्सचं कोटेशन दोन लाखाच्या वर गेलं, मग पॉलिशवाल्याला बोलावलं. ३० रुपये फूट, २१ हजार. मशीनला आधी जाड दगड, मग बारीक बारीक करत पाच हात मारले, शेवटी पावडर टाकून चमक. जुनी हिरवट निळी फरशी खालून बाहेर आली तेव्हा बाबा काही न बोलता उंबऱ्यात बसून राहिले. मे महिन्यात ४५ डिग्रीला त्या फरशीवर दुपारी उघड्या अंगाने पडायचं सुख टाइल्स देत नाही, हे मी लिहून देतो. एकच चूक झाली, पॉलिशचा गाळ मोरीत सोडला, दोन दिवसांत पाइप दगडासारखा भरला, प्लंबरचे १,८०० गेले. तो गाळ बादलीतच भरून बाहेर न्यायला लावा.

रत्नागिरीजवळ, गावचं घर, ६५० फूट

आमच्याकडे आधी ओटी आणि माजघर सारवणाचं, मग काकांनी लाल कोबा केलेला, तो ठिकठिकाणी फुटला. यंदा टाइल्स घातल्या. टाइल कोल्हापूरहून आणली कारण भाव ८ रुपयांनी कमी पडत होता, पण आंबा घाटातून येताना ६ बॉक्समधल्या टाइल फुटल्या, उतरवताना मोजून सही केली नाही म्हणून भरपाई काही मिळाली नाही, म्हणजे वाचवलेले सगळे तिथेच गेले. दुसरं म्हणजे गणपती. आमच्याकडे सगळ्यांनाच चतुर्थीच्या आधी घर तयार हवं असतं, जुलैत मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर भाव ठरवतो तो. आम्ही ५० ने दिले, शेजाऱ्यांनी जानेवारीत ३८ ने करून घेतलं, माणसं तीच. मुंबईच्या चाकरमान्यांनो, मे महिन्यात घरी येता तेव्हाच लावून टाका.

आईने पडवीत चकचकीत टाइल घालू दिली नाही, खरखरीतच हवी म्हणाली. पावसात बाहेरून ओले पाय घेऊन सगळे तिथूनच येतात. जुलैच्या दमट हवेत आतली गुळगुळीत टाइल घाम आल्यासारखी ओली होते, माझा मुलगा दोनदा घसरला, पडवीत एकदाही नाही. आईचं ऐका.

पुणे, १३० फूट, लॅमिनेट वुडन

एका बेडरूमला केलं, ११० रुपये फूट सगळं धरून, एका दिवसात झालं, राडा शून्य. फक्त पाणी नको. एसीचं पाणी रात्रभर ठिबकलं, सकाळी चार पट्ट्या फुगून वर आलेल्या, त्या परत बसत नाहीत. पाण्याची भीती असेल तर एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या) घ्या, थोडी महाग पण फुगत नाही.

नाशिक, हॉल, दोनदा केलं

माझा अनुभव वाईट आहे. टाइल ५५ सांगितली, बिल करताना अधिक १८ टक्के जीएसटी, ६४ रुपये ९० पैसे. भाव विचारताना 'जीएसटी धरून का' एवढं एकच वाक्य विचारायला पाहिजे होतं. पण खरं नुकसान पुढे झालं. मला फटी दिसायला नको होत्या, मीच मिस्त्रींना म्हटलं की टाइल एकदम चिकटवून लावा. ते मध्ये फट राखणारे स्पेसर लावू म्हणत होते. दोन वर्षांनी मे महिन्यात रात्री फटाक्यासारखा आवाज झाला, आम्ही धावत बाहेर आलो तर हॉलच्या मधोमध दोन ओळी तंबूसारख्या वर उभ्या. गरमीत टाइल प्रसरण पावते, तिला कडेला सरकायला जागा नसली की ती वर उचलते. ८ टाइल फुटल्या, तो शेड बंद झालेला, पूर्ण हॉल पुन्हा केला, ४७ हजार. दोन मिलिमीटरची फट ठेवा, भिंतीला लागून पण थोडी जागा ठेवा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आणि त्याच बॅचचे दोन बॉक्स जास्तीचे घेऊन माळ्यावर टाका.

न्यू जर्सी, ९०० फूट, कार्पेट काढून इंजिनिअर्ड हार्डवूड

इथेही तेच गं. लाकूड ५ डॉलर फूट, बसवणी ४, म्हणजे ८,१००, असं धरून चाललो. मग कार्पेट काढून फेकायचे ९००, जिन्याचा भाव फुटावर नसतो, पायरीवर असतो, ९० डॉलरने १३ पायऱ्या, १,१७०. कार्पेटखालचं प्लायवूड एका कोपऱ्यात कुजलेलं निघालं, ३५०. भिंतीकडेची पट्टी ६००. एकूण ११,१२०. लाकूड आणलं की लगेच बसवू देऊ नका, खोके काही दिवस घरातच ठेवायचे म्हणजे ते घरातल्या हवेला सरावतं, नाहीतर हिवाळ्यात हीटिंग लागलं की फटी पडतात. आणि ज्यांचं घर १९८० च्या आधीचं आहे त्यांनी बेसमेंटमधल्या ९ इंची जुन्या टाइल स्वतः उचकटू नका, त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या. माझ्या नवऱ्याने शनिवारी पटाशी हातात घेतली होती, शेजाऱ्यांनी थांबवलं.

सोलापूर, स्वतःचं घर नाही, वडील फरशीकाम करायचे

वरचं सगळं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहिते. वडिलांनी तीस वर्षं फरशी बसवली. आधी शहाबादी, मग मोझॅक, मग व्हिट्रिफाइड. लोक फुटाचा भाव विचारतात आणि चार जणांमध्ये ज्याचा कमी त्याला काम देतात. मग मिस्त्री काय करणार, भाव कमी सांगतो आणि स्कर्टिंग, उंबरा, खिडकीची सिल हे नंतर काढतो. वडील सुरुवातीलाच सगळं सांगायचे, म्हणून त्यांची कामं जायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मोकळी जागा भराभर भरते, वेळ जातो तो दाराच्या चौकटीशी, पाइपभोवती, बाथरूमच्या ढाळाला. आमच्या घरी पाण्याची पारदर्शक नळी होती, तिने ते आधी चारही भिंतींवर लेव्हलच्या खुणा करायचे, पहिला अर्धा दिवस एकही फरशी बसायची नाही, आणि घरमालक म्हणायचे अजून काहीच झालं नाही का. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे फुटात मोजले जात नाहीत. २ बाय ४ ची टाइल एकट्याने बसवता येत नाही, दोन माणसं लागतात, मजुरी जास्त असते ती त्याची. आज वडिलांचे दोन्ही गुडघे गेलेत, मांडी घालून जेवायला बसता येत नाही.

तुम्ही मिस्त्रीला कोटेशन मागाल तेव्हा फुटाचा भाव मागू नका. त्याला घर दाखवा आणि विचारा की काढण्यापासून पुसून देईपर्यंत एकूण किती, आणि यात काय नाही. प्रामाणिक माणसाला हा प्रश्न आवडतो.

पुणे (धागा सुरू करणारी)

सोलापूरच्या ताई, तुमचं वाचून बाबांना नमस्कार सांगावासा वाटला. त्या गोण्या नेणाऱ्या दादांचा नंबर आहे माझ्याकडे, त्यांना नक्की किती मिळाले ते मी विचारलंच नव्हतं, आज फोन केला. २६० गोण्यांतले त्यांच्या हातात आले २,६००, बाकी कंत्राटदाराकडे. पुढच्या वेळी गोणीचे पैसे मी थेट त्यांच्याच हातात देणार.

आणि ठाण्याचं वाचून आत्ता रात्री दहाचं नाणं घेऊन हॉल ठोकला. बाल्कनीच्या दाराजवळच्या दोन टाइल खोल वाजतायत. त्यांच्यावर खडूने फुली मारून ठेवलीय, उद्या मिस्त्रींना बोलावते.