इंग्लंडात शेतकऱ्याकडे डिटेक्टिंगची परवानगी मागायची कशी?

लिंकनशायरी_पुणेकर
नमस्कार मंडळी. वाढदिवसाला बायकोने मेटल डिटेक्टर दिला (दोन वर्षं डोकं खाल्लं होतं तिचं), तेव्हापासून घरामागची वीतभर बाग चाळून झाली, मिळाले तीन खिळे, एक चमचा आणि लेकाची हरवलेली हॉटव्हील्स. आता शेत पाहिजे. पार्कात फिरवायचं तर कौन्सिलला विचारावं लागतं आणि आमच्या कौन्सिलने सरळ नाही सांगितलं, म्हणजे राहिले शेतकरी. आत्तापर्यंत तीन दारं वाजवली. एकाने लांबूनच हात हलवून जा म्हटलं, दुसऱ्याच्या कुत्र्याने गाडीतून उतरूच दिलं नाही, तिसरा नीट बोलला पण आमच्याकडे आधीच एक जण येतो म्हणून दार लावून घेतलं. पंधरा पत्रं टाकली, छान टाइप करून, एकाचंही उत्तर नाही. खरं सांगू का, दारात उभं राहून मागायचं म्हणजे मला माधुकरी मागितल्यासारखं वाटतं, आणि मनात येतंच की आपलं तोंड बघूनच नाही म्हणतात का. तुम्ही नक्की काय बोलता? पैसे देऊ करायचे का?

सफकचे_अप्पा
बारा वर्षं झाली मला यात. किती वाजता गेला होतास ते सांग आधी. ऑफिस सुटल्यावर ना? वाटलंच. तुमच्या लिंकनशायरात काढणी झाली की कुत्री घेऊन सशांमागे लागणाऱ्या टोळ्या येतात, गेटं तोडतात, पेरलेल्यातून गाड्या घालतात, त्यामुळे तिन्हीसांजेला अनोळखी गाडी बांधावर थांबली की शेतकऱ्याचं डोकं आधी तिकडेच जातं, वर रात्री चोरून डिटेक्टर फिरवणारे नाइटहॉक आहेतच. तोंडाचा काहीच संबंध नाही असं म्हणणार नाही, मलाही एकदोनदा तसले अनुभव आलेत, पण दिवसाउजेडी गेलो तेव्हा तीच माणसं वेगळी वागली.

तर शनिवारी अकराच्या सुमारास जा. ऑगस्टात कंबाइन चालू असताना किंवा मार्च-एप्रिलात मेंढ्या वीत असताना अजिबात नको. डिटेक्टर गाडीतच राहू दे. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घे, त्यात पब्लिक लायबिलिटीचा इन्शुरन्स येतो (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा), ते कार्ड खिशात ठेव. आणि सगळी जमीन मागू नकोस रे, गव्हाची काढणी झाल्यावर पुढची पेरणी व्हायच्या आत त्या कडेच्या एका शेतात दोन रविवार फिरू का, एवढंच विचार. त्याला खजिन्याशी घेणंदेणं नसतं, त्याला कळायचं असतं की हा माणूस गेट लावून जाणार का आणि खड्डे बुजवणार का.

पैशांचं तर तोंडच उघडू नकोस. त्यापेक्षा विचार, तुमचं काही हरवलंय का शेतात? आमच्या सफकात होक्सन गावी नोव्हेंबर 1992 मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, तो शोधायला त्याने एरिक लॉज नावाच्या ओळखीच्या निवृत्त माणसाला बोलावलं, आणि हातोड्याऐवजी लागली रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी, शिवाय सोन्याचे दागिने न् चांदीचे चमचे. लॉजचं कौतुक यासाठी की त्याने थोडं बाहेर आल्यावर उकरणं थांबवलं आणि कळवलं, बाकीचं पुरातत्त्ववाल्यांनी नीट काढलं. बक्षीस साडेसतरा लाख पौंड, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडा पण सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

बांधावरची_बाई
अप्पांच्या गोष्टीत एक मेख राहिली. तो शेतकरी कूळ होता, जमीन सफक काउंटी कौन्सिलची. म्हणजे कसणारा वेगळा न् मालक वेगळा, आपल्याकडच्यासारखंच, आणि परवानगी दोघांचीही लागते. मी एकदा कसणाऱ्याच्या हो वर खूश होऊन तीन महिने फिरले, मग मालकिणीचं पत्र आलं, गेलं शेत हातचं. लँड रजिस्ट्रीवर थोडे पौंड भरले की मालकाचं नाव मिळतं, इथला सातबाराच म्हणा, फक्त जुन्या घराण्यांच्या काही जमिनी अजून त्यात चढलेल्या नाहीत.

तोंडी हो वर राहू नका. एक पानभर लिहून घ्या, कुठलं शेत, कधीपर्यंत, आणि काही निघालं तर अर्धं अर्धं. 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा एकत्र निघालेली सोन्याचांदीची दोन नाणी सुद्धा खजिन्यात येतात, 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. 2015 मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला, त्यांनी न कळवता गुपचूप विकायला काढला, 2019 मध्ये दोघेही तुरुंगात गेले. कळवलं असतं तर कायदेशीर बक्षीस मिळालं असतं की हो! आणि जायच्या आधी हिस्टॉरिक इंग्लंडचा (जुन्या वास्तू जपणारी तिथली सरकारी संस्था) नकाशा बघा, संरक्षित स्मारकाच्या जागेवर शेतकरी हजारदा हो म्हणाला तरी डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. हे सगळं इंग्लंडचं, स्कॉटलंडचे नियम वेगळे.

माणदेशी_गडी
मधेच विचारतो, राग मानू नका. आमच्या वावरात पडकी गढी हाय, चुलते म्हणतात मोहरांचा हंडा हाय आन वर नाग बसलाय. माझंच रान, मग मला कुणाची परवानगी लागतीय?

बांधावरची_बाई
दादा, रान तुमचं असलं तरी हंडा परस्पर घरात नेता येत नाही. आपल्याकडे भारतात 1878 चा कायदा आहे, अजून चालू आहे, जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये तेव्हाचे, आकडा कुणी बदललाच नाही. गढी संरक्षित असेल किंवा तसलं काही शंभर मीटरच्या आत असेल तर हातही लावू नका. आणि लिंबूवाला कुणी गुप्तधन काढून देतो म्हणून आला तर पायरीवरूनच परत पाठवा.

लिंकनशायरी_पुणेकर
अपडेट देतो. शनिवारी अकराला गेलो, डिटेक्टर डिकीत. सत्तरीच्या आजी बाहेर आल्या, हात पिठाचे. हरवलंय का विचारल्यावर म्हणाल्या, सोनं नाही बाबा, पण गुरांच्या पाण्याच्या लायनीचा कॉक कुठेतरी गवताखाली गेलाय, दोन वर्षं पाइप गळतोय आणि बंदच करता येत नाही. चाळीस मिनिटं फिरलो, कुंपणापासून चार पावलांवर असा सिग्नल आला की कानातले हेडफोन काढून फेकावेसे वाटले. वीतभर खाली लोखंडी झाकण. आजींनी स्वतः वाकून कॉक फिरवला, गळती थांबली, मग चहा, मग जवाच्या शेतात दोन रविवार! कागदावर सही पण दिली, जमीन त्यांच्याच नावावर.

पहिल्या रविवारी एक शिशाची गोळी आणि व्हिक्टोरिया राणीची 1862 ची पेनी, माझ्या आजीच्या डब्यात होती तीच राणी. खूप काळी पडलीय, टूथपेस्टने घासू का?

सफकचे_अप्पा
हात लावू नकोस तिला. पाण्याने माती काढ आणि ठेवून दे. आणि पुढच्या रविवारी आजींना दाखवायला घेऊन जा.