मालिकेतलं कोल्हापुरी ख्रिस्ती कुटुंब: सेटवर काय असावं?

प्रश्न: चित्रनगरीत सेट लागतोय. कोल्हापुरातलं मराठी ख्रिस्ती घर, चर्च आणि लग्नाचा प्रसंग. लेखकानं कन्फेशन बॉक्स (धर्मगुरूपुढं पापांची कबुली देण्याची खोली) आणि ‘फादर’ लिहिलेत. चालेल का?

उत्तर १: आधी पंथ ठरवा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले. त्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतली चर्च प्रोटेस्टंट. तिथं कन्फेशन बॉक्स नसतो, मरियेचा पुतळा नसतो. क्रूस साधा ठेवा, त्यावर येशूची मूर्ती नको. ‘फादर’ नव्हे, पाळकसाहेब. गायनाला पेटी-तबला घ्या, ना. वा. टिळकांची गीतं आजही म्हणतात. आणि कृपा करून पात्रांना मोडकं मराठी देऊ नका! ही माणसं कोल्हापुरीच बोलतात.

उत्तर २: लग्न रात्री लावू नका. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ आहे, अपवाद खास परवान्याचा. पाळकाखेरीज दोन साक्षीदार लागतात, म्हणून टेबलावर रजिस्टर हवंच. नवरीला पांढरी साडी आणि डोक्यावर जाळीची ओढणी (व्हेल) शोभेल.

उत्तर ३: कॅथलिक कुटुंब केलंत तर फादर कन्फेशनमधलं पोलिसांना सांगतो हा धागा काढा. ते गुपित जाणूनबुजून फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. गुड फ्रायडेला मिस्साही (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) दाखवू नका. त्या दिवशी तो नसतो, वेदीवर आच्छादन नसतं.