गच्चीवर हॉर्न अँटेना टेस्ट करून राहिलो, एकाच बाजूला साइडलोब येतोय

गच्चीवरचा_अँटेना:
नमस्कार मंडळी. फायनल इयरला सीएमबी (महास्फोटानंतर उरलेला, आकाशभर पसरलेला मायक्रोवेव्ह प्रकाश) मोजणाऱ्या उपग्रहांवर असतो तसा कॉरुगेटेड, म्हणजे आतून खाचा असलेला, हॉर्न अँटेना बनवला, १० गिगाहर्ट्झचा. तोंड १० सेंमी, आतल्या खाचा साडेसात मिमी खोल, म्हणजे पाव वेव्हलेंथ. गच्चीवर दोन मीटरवर सोर्स ठेवला आणि हॉर्न फिरवत रीडिंग घेतली. मेन बीम (समोरचा मुख्य झोत) सिम्युलेशनशी मस्त जुळला पण डावीकडे ४० अंशाला साइडलोबसारखा (बाजूचा नको असलेला झोत) फुगवटा येतोय, उजवीकडे काहीच नाही. खाचा परत कापू का? सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा.

हिंगणा_लेथ:
थांब भाऊ, कापाकापी नको. लेथवर कापलेल्या खाचेत चूक झाली तर ती गोल सगळीकडे सारखी येते, एका बाजूला कशी येईल? हां, वेव्हगाइडचा (हॉर्नला जोडलेल्या लहरींच्या नळीचा) जोड तिरपा बसला असेल तर गोष्ट वेगळी. हॉर्न स्वतःच्या अक्षावर १८० अंश फिरवून परत मोज. फुगवटा उजवीकडे गेला तर दोष हॉर्नचा, डावीकडेच राहिला तर गच्चीचा.

मायक्रोवेव्ह_काका:
आणि फुगवटा येतो तेव्हा हॉर्नचं तोंड कुठे असतं तेही बघ बेटा, तिकडे पत्रा नाही ना? सोर्सची लहर त्यावर आपटून सरळ मेन बीममध्ये शिरते. अंतर तुझं बरोबर आहे, फार फील्ड (जिथून पुढे बीमचा आकार अंतराने बदलत नाही) ६७ सेंमीलाच सुरू होतं. कोबे (१९८९), डब्ल्यूमॅप (२००१), प्लँक (२००९), सीएमबी मोजणाऱ्या या तिन्ही उपग्रहांवर असेच खाचांचे हॉर्न होते, कारण बीम गोल येतो आणि साइडलोब दबतात. हिशोब करून बघ, ३०० केल्विनच्या जमिनीच्या उष्णतेचा दहा लाखातला एक भाग जरी आत आला तरी ३०० मायक्रोकेल्विन झाले, आणि सीएमबीतले चढउतार तर काही दहा मायक्रोकेल्विनचे! म्हणून तर प्लँक १५ लाख किमी लांब एल२ला (पृथ्वीच्या पलीकडे, सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या बिंदूला) नेला, तिथून सूर्य, पृथ्वी, चंद्र तिन्ही पाठीमागेच राहतात. त्यामुळे तुझा हा फुगवटा सोडू नकोस, शोधच.

गच्चीवरचा_अँटेना:
काका, भाऊ, सापडला! १८० फिरवलं तरी फुगवटा डावीकडेच, आणि तिकडे आमचा पत्र्याचा कूलर उभा. मी रोज त्याच्याच बाजूला बसून रीडिंग लिहीत होतो. भावाला हाताशी घेऊन जिन्यात सरकवला, फुगवटा गायब. आता घरचे ओरडून राहिले की मे महिन्यात कूलर बंद का, म्हणून उरलेली रीडिंग पहाटे पाचला घेतो.